खाल्ले किती आणि अंगी लागले किती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



 मघाशी संस्थेच्या कार्याचे सिंहावलोकन झाले. वसतिगृह, दवाखाना, गरजू मुलांच्या शिष्यवृत्त्या, या सर्वांचा पन्नास वर्षांचा जमाखर्च आपण ऐकलात. आमच्या वाट्याला आला आहे तो पोटाचा जमाखर्च. व्याख्यान भोजनापूर्वी आहे की भोजनोत्तर, एवढे आम्ही चिटणीसांना आधी विचारून घेतले होते. भोजनापूर्वी आहे असे कळले तेव्हा जिवात जीव आला. भरल्या पोटी पोटाची कथा ऐकायला बसवणे हा श्रोत्यांवर अन्यायच झाला असता.

आम्ही डॉक्टर नव्हे, शाळेत विज्ञान शिकवणारे शिक्षक आहोत. तेव्हा औषध सांगणे हा आमचा अधिकार नाही. पचनाचे काम कसे चालते आणि ते समजून घेतल्याने घरातल्या माणसाचा जीव कसा वाचू शकतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्या मराठीत ‘अंगी लागणे’ असा एक फार नेमका शब्दप्रयोग आहे. मूल नीट वाढत नसले की आई म्हणते, ‘खातो पुष्कळ, पण अंगी लागत नाही.’ शरीरशास्त्राचे अर्धे मर्म या वाक्यात आहे. खाणे आणि अंगी लागणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माळेतल्या मण्याला आरपार भोक असते. त्या भोकातून दोरा गेला म्हणून दोरा मण्यात मिसळला असे कोणी म्हणत नाही. आपले शरीरही अशाच एका लांब मण्यासारखे आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक अखंड नळी गेली आहे. तिच्या पोकळीत अन्न आहे तोवर ते खऱ्या अर्थाने शरीरात आलेलेच नसते. नळीची भिंत ओलांडून ते रक्तात गेले म्हणजे अंगी लागले. पचनसंस्थेचा सारा खटाटोप ही भिंत ओलांडण्यासाठी आहे.

घासाचा मार्ग

तांदूळ, ज्वारी, डाळ, मांस, तेल यांचे कण भिंतीतून पलीकडे जाण्याच्या मानाने फारच मोठे असतात. त्यांचे तुकडे करणे हे पहिले काम. त्याची सुरुवात तोंडातच होते. दात अन्न बारीक करतात आणि लाळ ते भिजवते. दिवसाकाठी एक ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडात सुटते, पण ती केवळ ओलाव्यासाठी नाही. तिच्यातील पाचक द्रव्य पिठूळ पदार्थाची साखर करू लागते. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा सावकाश चावत राहावे, म्हणजे काही वेळाने तो गोडसर लागू लागतो. ती ही साखर.

वर्गात आम्ही याचा एक सोपा प्रयोग मुलांकडून करवून घेतो. भाताच्या पातळ पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की ती निळीकाळी होते. तशाच पेजेत थोडी लाळ मिसळून नळी दहापंधरा मिनिटे हाताच्या उबेत धरली आणि मग थेंब टाकला, तर तो गडद रंग येत नाही. मुले डोळे विस्फारून पाहतात. ‘नीट चावून खा’ हा आजीचा उपदेश त्या दिवसापासून त्यांना नुसता उपदेश वाटत नाही.

घास गिळला की तो सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून जठरात जातो. तो वरून खाली नुसता पडत नाही. नलिकेचे स्नायू त्याच्यामागे आवळत आणि पुढे सैल होत त्याला ढकलतात. म्हणून शीर्षासन केलेला माणूससुद्धा घास गिळू शकतो. अशीच लाट पुढे आतड्यांतूनही चालू राहते.

जठरात अन्न घुसळले जाते आणि त्याची पातळ आंबील होते. तेथे सुटणारे आम्ल इतके तीव्र असते की अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू त्यात मरतात. प्रथिनांचे तुकडे होण्यास येथे आरंभ होतो. साधे जेवण जठरात दोन ते चार तास राहते आणि थोडे थोडे करून पुढे सोडले जाते. तुपातेलाचे जेवण अधिक वेळ थांबते. सणावारी मांडे आणि बासुंदी झाल्यावर पोट जड वाटते, ते याच कारणाने.

एका गरीब माणसाचे ऋण

जठरात काय चालते हे जगाला कसे कळले, याची हकीकत मोठी विलक्षण आहे. अमेरिकेत मॅकिनॅक नावाच्या बेटावर सैन्याचे ठाणे होते. ६ जून १८२२ रोजी तेथील एका दुकानात बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या डाव्या कुशीत गोळी शिरली. हा कॅनडातला माणूस कातड्यांच्या व्यापाऱ्यांकडे होडी वल्हवण्याचे काम करी. ठाण्यावरचे शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी उपचार केले, तेव्हा तो वाचेल असे त्यांना वाटत नव्हते. तो वाचला. पण जखम विचित्र तऱ्हेने भरली. कुशीतून थेट जठरात जाणारे एक छिद्र कायमचे राहून गेले.

बोमाँट यांनी या खिडकीचा उपयोग करावयाचे ठरविले. १८२५ पासून त्यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून छिद्रातून आत सोडले, ठराविक वेळाने बाहेर काढले, आणि काय झाले ते टिपून ठेवले. जठरातला रस काढून बाटलीत घेतला. बाटली उबदार ठेवली तर मांस तेथेही विरघळते असे त्यांना दिसले. पचन म्हणजे नुसते कुटणे किंवा कुजणे नव्हे, ती एक रासायनिक क्रिया आहे, याचा हा ढळढळीत पुरावा होता. १८३३ साली त्यांनी २३८ प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले.

त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. सेंट मार्टिन संतापला की त्याच्या जठराच्या अस्तराची कळा बदलते आणि पचन बिघडते. पुढे रशियातील पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की घास जठरात पोहोचण्यापूर्वीच, अन्न दिसताच आणि चव लागताच जठररस सुटू लागतो. पचनावरील या कार्याबद्दल १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता हे ऐकल्यावर पालकांनी स्वतःशी थोडा विचार करावा. मुलाचे प्रगतिपुस्तक पाहण्याची आणि त्यावरून कानउघाडणी करण्याची आपली ठरलेली वेळ कोणती? बहुतेक घरांत ती मूल पानावर बसल्यावरची असते. शिक्षक या नात्याने आमची विनंती आहे की गणिताचे गुण जेवणानंतर काढावेत. ते तोवर कोठे पळून जात नाहीत.

सेंट मार्टिनचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. प्रयोगांचा त्याला कंटाळा येई आणि तो निघून जाई. पैशाच्या गरजेने पुन्हा येई. बोमाँट १८५३ साली वारले. सेंट मार्टिन मात्र १८८० पर्यंत जगला. तो गेल्यावर घरच्यांनी त्याचे प्रेत मुद्दाम बरेच दिवस ठेवले आणि नंतर खोल पुरले, का तर डॉक्टरांनी ते उकरून नेऊ नये. बोमाँट यांचे नाव ग्रंथांत आदराने घेतले जाते. घ्यावेच. पण ज्याच्या पोटावर हे शास्त्र उभे राहिले, त्या निरक्षर मजुराचे नावही मुलांना सांगावे असे आम्हांस वाटते.

खरे कोठार

एवढे होऊनही जठर हे पचनाचे मुख्य ठिकाण नव्हे. काही रोगांत शस्त्रक्रियेने संपूर्ण जठर काढून टाकावे लागते. अशी माणसे थोडे थोडे खाऊन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहून जगतात. पण लहान आतडे गेले तर तोंडाने खाल्लेल्या अन्नावर माणूस जगू शकत नाही. कारण अन्न अंगी लागते ते येथे.

लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याच्या आरंभीच यकृताकडून पित्त आणि स्वादुपिंडाकडून पाचक रस येतो. साबण जसा तेलकट भांड्यावरचे तेल फोडतो, तसे पित्त स्निग्ध पदार्थांचे बारीक बारीक थेंब करते. स्वादुपिंडाचा रस जठरातून आलेले आम्ल शमवतो आणि पीठ, प्रथिने, चरबी या तिन्हींचे तुकडे करतो. उरलेले काम आतड्याच्या भिंतीवर पुरे होते.

ही भिंत सपाट नसते. मखमलीसारखे असंख्य बारीक अंकुर तिच्यावर असतात, आणि त्या अंकुरांवरील पेशींना पुन्हा त्याहून बारीक केसाळ कडा असते. जागा थोडी आणि पृष्ठभाग मोठा, अशी ही योजना. आतड्याचा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा भरेल असे आमच्या लहानपणीच्या पुस्तकांत असे. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा पचनमार्गाचा सगळा पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर भरला. म्हणजे बॅडमिंटनचे निम्मे मैदान. पुस्तकातला आकडा खोटा ठरला तरी आश्चर्य कमी होत नाही. एवढे मैदान आपण सदऱ्याच्या आत बाळगून हिंडतो, आणि त्यावरचे पेशींचे आच्छादन दर तीन ते पाच दिवसांनी बदलून नवे होते.

पाण्याचा जमाखर्च

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा विषय स्वीकारला, त्याकडे येतो. वर जे रस सांगितले, ते सर्व शरीराच्या रक्तातल्या पाण्यातून तयार होतात. त्यांचा हिशेब मांडून पाहू. प्रौढ माणूस दिवसाला खाण्यापिण्यातून सुमारे दोन लिटर पाणी घेतो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून आणखी सुमारे सात लिटर पडतात. एकूण नऊ लिटरच्या आसपास. यातले बहुतेक पाणी लहान आतडे परत ओढून घेते, राहिलेले मोठे आतडे घेते, आणि शौचावाटे बाहेर पडते ते फार तर एक पेला. उधारीवर काढलेली रक्कम त्याच दिवशी जवळजवळ पूर्ण फेडून घेणारा असा काटेकोर हिशेबनीस दुसरा नाही.

हा हिशेब एके दिवशी उलटा झाला तर काय होईल? तेच पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात होते. आपल्या कित्येक गावांच्या वेशीबाहेर मरीआईचे ठाणे असते. पटकीच्या साथीच्या धास्तीने माणसे तिला नवस बोलत. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जात असे. तो रोगाच्या विषाने पोळून मरत नव्हता. शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने मरत होता.

हे कोडे सोडविण्याच्या कामी आपल्या देशातल्या माणसांचा वाटा मोठा आहे. कलकत्त्यात डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ साली पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे क्षार व साखरेचे पाणी देऊन केलेल्या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्याच शहरात डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले की पटकीचे जंतू एक विष तयार करतात, आणि जंतू गाळून काढले तरी ते विष आतड्याला पाणी ओकायला लावते. म्हणजे आतड्याची भिंत फाटत नाही, फक्त तिचे पाण्याचे दार उलटे उघडते. दुसऱ्याच वर्षी, १९६० साली, रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनी आतड्यातल्या आणखी एका दाराची कल्पना मांडली. या दारातून साखर एकटी आत जात नाही. ती मिठाचा सोडियम हा भाग बरोबर घेऊन जाते, आणि दोघांच्या मागून पाणी जाते. विशेष हे की पटकीतही हे दुसरे दार चालूच राहते. एका दाराने पाणी वाहून जात असताना दुसऱ्या दाराने ते आत घेता येते. मात्र त्यासाठी पाण्यात साखर आणि मीठ दोन्ही योग्य प्रमाणात असली पाहिजेत. नुसत्या पाण्याने हे काम होत नाही.

या ज्ञानाची कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगाव येथे छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मोठा निर्णय घेतला. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची मापून तयार केलेली पुडकी पाण्याच्या पिंपांत मिसळली, आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले देऊन ते पाणी पाजण्यास सांगितले. त्यापूर्वी छावण्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० पर्यंत गेले होते. या उपचाराने ते शेकडा ४ च्या खाली आले. पाजणारे हात परिचारिकांचे नव्हते. ते आई, भाऊ, आजी यांचे होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले. त्यानंतर २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

घरात काय करावे

आता घरात या. मुलाला जुलाब सुरू झाले की अजूनही कित्येक घरांत पहिली आज्ञा कोणती होते? ‘पाणी देऊ नका, दूध तोडा, पोटाला विश्रांती द्या.’ वरकरणी हे शहाणपणाचे वाटते. पाणी घातले की आणखी जुलाब होतात असे दिसते. पण जो हिशेब आपण आत्ता पाहिला, त्यावरून कळून येईल की खर्च चालू असताना जमा बंद करणे म्हणजे दिवाळे काढणे होय. लहान मुलाच्या अंगात पाण्याचा साठाच थोडा असतो, म्हणून त्याचे दिवाळे लवकर निघते. आजही जगात दरवर्षी पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले अतिसाराने दगावतात. इतके स्वस्त औषध हाताशी असताना ती दगावतात, ही गोष्ट कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारी आहे.

म्हणून पुढील गोष्टी आम्ही मुद्दाम सावकाश सांगतो. भगिनींनी आणि बंधूंनीही ध्यानात ठेवाव्यात. मूल आजारी पडले म्हणजे ते फक्त आईचे नसते.

जुलाब सुरू होताच ओआरएसचे पाकीट आणावे. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही ते पाहावे. पाकिटावर जितके पाणी लिहिले असेल, तितक्याच स्वच्छ पिण्याच्या पाण्यात ते सगळे एकदम विरघळावे. ‘जास्त कडक’ म्हणून पाणी कमी घालू नये आणि पुरवठ्यास येण्यासाठी वाढवूही नये. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे. पाकीट मिळेपर्यंत घरी करावयाचे असल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण. मीठ यापेक्षा जास्त झाले तर अपाय होतो. मिश्रण अश्रूंहून अधिक खारट लागता कामा नये. ओआरएस या नावाखाली अतिशय गोड पेये दुकानांत विकली जात. २०२५ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांवर असे नाव छापण्यास मनाई केली. गोड पेयाने जुलाब वाढू शकतो, म्हणून औषधाच्या दुकानातून खरे पाकीटच घ्यावे.

पाजावे ते चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश पाजावे. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध मुळीच तोडू नये. मोठ्या मुलाला भाताची मीठ घातलेली पेज, मीठ घातलेले ताक, मऊ खिचडी देत राहावे. आजारी माणसाला पेज पाजण्याची आपल्या आज्यांची चाल होती. भातातल्या पिठाची आतड्यात साखर होते आणि ती मिठाला घेऊन आत जाते. हा खुलासा त्यांना कोणी सांगितला नव्हता, पण त्यांचा हात बरोबर पडला होता. बालकांना झिंकच्या गोळ्या चौदा दिवस देण्याची शिफारस आहे. त्या आरोग्य केंद्रातून विचारून घ्याव्यात.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पिणेच होईना, लघवी थांबली, शौचात रक्त आले किंवा उलट्या थांबेनात, तर घरगुती उपायांत एक घटकाही न घालवता दवाखाना गाठावा. वाटेतही पाजणे चालू ठेवावे.

आतड्यातील बिऱ्हाडकरू

लहान आतड्यातून जे उरते ते मोठ्या आतड्यात जाते. तेथे एक मोठी वस्ती आहे. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असावेत असा २०१६ साली शास्त्रज्ञांनी अंदाज केला. म्हणजे जवळजवळ आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच. यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. हे बिऱ्हाडकरू भाडे चुकते करतात. आपल्याला न पचणारा भाजीभाकरीतला चोथा ते आंबवतात, आणि त्यातून निघणाऱ्या द्रव्यांवर मोठ्या आतड्याच्या भिंतीतील पेशी आपले पोषण करून घेतात. काही जीवनसत्त्वेही ते तयार करतात.

ज्वारी, नाचणी, कडधान्ये, पालेभाज्या यांतून त्यांना शिधा मिळतो. मैद्याची खारी आणि बिस्किटे यांत त्यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. बेळगावचा कुंदा कोणी खाऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर आम्हांस या गावात राहणे कठीण होईल. पण रोजच्या पानात भाकरी, उसळ आणि भाजी असावी, आणि कुंद्याने पाहुण्यासारखे अधूनमधून यावे. दुसरे असे की साध्या सर्दीपडशाला स्वतःच्या मनाने जंतुनाशक गोळ्या घेऊ नयेत. त्या सर्दीच्या विषाणूला मारत नाहीत, या निरपराध बिऱ्हाडकरूंना मात्र उठवून लावतात.

येथे उपवासाबद्दलही एक शब्द. आमच्या घरी रमजानचे रोजे असतात आणि शेजारच्या घरी एकादशी, संकष्टी असते. जठर व लहान आतडे रिकामे असताना त्यांत दर दीडदोन तासांनी एक जोरकस लाट उठते आणि राहिलेसाहिले पुढे झाडून नेते. काही खाल्ले की ही झाडलोट थांबते. सारखे तोंड चालू ठेवणाऱ्याच्या आतड्याला झाडूच मिळत नाही. दोन जेवणांत अंतर ठेवणे हिताचे, ते यासाठी. परंतु इफ्तारला भज्यांचा ढीग आणि एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर, असे झाले तर सोसावे लागते ते एकाच जठराला. त्याला धर्मभेद कळत नाही. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि नेमाने औषधे घेणारे यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजाऱ्याला सवलत दोन्हीकडच्या धर्माचारांत आहे.

संस्थेला विनंती

समारोप करताना विश्वस्तांना एक नम्र विनंती. भुकेल्याला जेवू घालणे हे सर्व धर्मांत पुण्य मानले आहे आणि आपल्या संस्थेने ते पन्नास वर्षे केले. परंतु वाढलेले अन्न मुलाच्या अंगी लागावयाचे असेल तर त्यासोबत आणखी तीन गोष्टी हव्यात. पिण्याचे पाणी स्वच्छ हवे. शौचानंतर व जेवणापूर्वी हात धुण्यासाठी नळाजवळ साबण हवा. आणि शौचालये वापरण्याजोगी हवीत. ज्या मुलाला वारंवार जुलाब होतात, त्याच्या आतड्याच्या अंकुरांना सावरायला सवड मिळत नाही. मग पानात तूप वाढले काय आणि न वाढले काय, वजन वाढत नाही. साबणाची वडी ही अन्नदानाचाच भाग आहे असे समजून अंदाजपत्रकात तिची तरतूद व्हावी.

तसेच वसतिगृहात आणि सभासदांच्या प्रत्येक घरी ओआरएसची चार पाकिटे सदैव ठेवलेली असावीत. देवघराजवळ ठेवा, कुराणशरीफच्या फडताळाखाली ठेवा, चहासाखरेच्या डब्याशेजारी ठेवा, पण रात्री दोन वाजता अंधारात हात घातला तरी सापडतील अशा जागी ठेवा. आणि ते पाणी कसे करावयाचे, हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलामुलींना आजच शिकवा. आम्ही आमच्या वर्गात ते शिकवतो. दहा वर्षांची मुलगी लिटर मापू शकते, चमचा सपाट करू शकते आणि धाकट्या भावाला चमच्याचमच्याने पाजू शकते. बनगावच्या छावणीत हे काम अशाच साध्या माणसांनी केले.

 आतून वरणाच्या फोडणीचा वास येऊ लागला आहे आणि पाव्हलॉव्हच्या म्हणण्याप्रमाणे सर्वांचे जठररस केव्हाच कामाला लागले असतील. त्यांना अधिक ताटकळत ठेवणे योग्य नव्हे. संस्थेला उदंड आयुष्य लाभो, एवढे चिंतून आम्ही आपली रजा घेतो.